पुलाला विचार, पाण्याला नको

पोरी, हे खोकं बाहेरून बुटाचं दिसतं, आणि तसंच दिसू दे. मागे मी छान पत्र्याचा डबा आणला होता, तर तुझ्या आजीने दिवाळीला त्यात चकल्या भरल्या आणि माझी कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. तेव्हापासून बुटाचं खोकं. याला घरात कोणी हात लावत नाही.

आत ४१२ चित्रकार्डं आहेत. देवादिक नाहीत, नट्या नाहीत, राजवाडे नाहीत. फक्त नद्या, धबधबे आणि पूल. लोक विचारतात, नगरसारख्या कोरड्या गावात बसून पाण्याची चित्रं कशाला जमवता? आमच्या सीना नदीला पाणी असतं तर कशाला जमवली असती?

पण खरं कारण वेगळं. मी आरएमएसला होतो, म्हणजे रेल्वेच्या डाकेच्या डब्यात. रात्रभर उभ्याने टपाल वाटायचं, समोर लाकडी खण, डोक्यावर पिवळा दिवा. बाहेर काय चाललंय ते दिसायचं नाही. नगर सोडलं की आधी मुळा, मग प्रवरा, मग गोदावरी. नदी आली हे कानाने कळायचं. रुळांचा आवाज एकदम पोकळ व्हायचा, पायाखाली घुमायचा, आणि पुन्हा जमिनीवर आला की घट्ट व्हायचा. १८७८ साली सुरू झालेला हा दौंड-मनमाड मार्ग, तेव्हाचं नाव धोंड. त्यावरचे पूल मी शेकडो वेळा ओलांडले, पाहिले मात्र निवृत्तीनंतर. तर हातातल्या कार्डावर कोणाचा तरी पूल आणि पायाखाली आपला पूल, असा तो नाद लागला. डाकेतलं कार्ड मी कधी ठेवून घेतलं नाही, हे आधीच सांगतो. तसं केलं असतं तर पेन्शन तुरुंगात घ्यावी लागली असती. माझं पहिलं कार्ड रद्दीतलं. अमेरिकन मराठी मिशन आपल्या नगरात १८३१ पासून आहे. मिशनऱ्यांना घरून पत्रं यायची, त्यातलं कधी काय रद्दीत येईल सांगता यायचं नाही. एका रद्दीवाल्याच्या तागडीतून मला नायगारा मिळाला, वर्तमानपत्राच्या भावाने.

आता ऐक. सगळ्यात पहिली गोष्ट, कार्ड हातात आलं की उलटं कर. चित्र नंतर. चित्र बघितलं की माणूस भुलतो, आणि विकणारा तुझ्या डोळ्यांकडेच बघत असतो. पाठ बघताना चेहरा आपोआप कारकुनासारखा होतो.

पाठीवर काय बघायचं? मधोमध उभी रेघ आहे का. नसेल तर कार्ड जुनं. पूर्वी पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या बाजूला. इंग्लंडने १९०२ मध्ये पाठ दुभागली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. फ्रान्स-जर्मनी पाठोपाठ आले, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून परवानगी दिली. त्याआधीच्या कार्डांवर लोक लिहायचे कुठे? पाण्यावर. पुलाच्या दगडावर अक्षर उमटत नाही, झाडीवर वाचता येत नाही, मोकळी फिकट जागा नदीचीच. माझ्याकडे ऱ्हाईनचं एक कार्ड आहे, त्यात बोटींच्या मधून वाट काढत कोणीतरी अकरा ओळी लिहिल्यात. बाजारात असल्या कार्डाला ‘चित्र खराब केलं’ म्हणून कमी भाव सांगतात. तू गुपचूप घे.

मग तिकीट. तिकीट कधी काढायचं नाही, पाणी लावून तर नाहीच. तिकिटं जमवणाऱ्यांनी किती कार्डं अशी नागवली आहेत याची गणती नाही. आपल्याकडच्या तिकिटावरचा राजा ओळखायला शीक. सातवा एडवर्ड १९०२ पासून, पाचवा जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. जुन्या शिक्क्यातला महिना बहुधा दोन अक्षरांत असतो. एमआर म्हणजे मार्च, एमवाय म्हणजे मे, जेवाय म्हणजे जुलै. शिक्का पुसट असेल तर कार्ड खिडकीशी तिरपं धर. ठप्पा जोरात मारलेला असतो, शाई उडाली तरी कागदात खड्डा राहतो. हे मला कोणी शिकवलं नाही. ठप्पे मारून मारून मनगट गेलं तेव्हा कळलं.

आणि अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात, कुठे छापलं ते असतं. सॅक्सनी, बव्हेरिया, जर्मनी. त्या काळी रंगीत छपाईत जर्मनांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुंबईत फोटो काढायचा, तिकडे पाठवायचा, हजारो कार्डं छापून परत आणायची. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि हा माल बंद पडला. म्हणून आपल्याकडच्या दृश्याचं कार्ड असेल आणि मागे जर्मनीचं नाव असेल तर ते बहुतेक करून १९१४ च्या आधीचं समज.

इथूनच माझा खरा मंत्र निघतो. नाशिकच्या रामकुंडाचं कार्ड बघ. पाणी कसलं निळंशार! आपल्या गोदावरीला असा रंग कधी बघितलास? आषाढात ती दुधाच्या चहासारखी असते आणि वैशाखात शेवाळी. पण फोटो गेला काळा-पांढरा. तिकडे रंग भरणाऱ्या कारागिराने गोदावरी जन्मात पाहिलेली नाही, त्याने आपल्या गावच्या तळ्याचा रंग दिला. झाडं तिकडची, आभाळ तिकडचं, एखाद्या कार्डात तर घाटावरच्या बाईचं लुगडं असं काही रंगवलंय की ती यात्रेला आली आहे की नाताळला, कळत नाही. धबधबा तर मुळातच फसवा. तेव्हाच्या कॅमेऱ्याला उघडझाप करायला वेळ लागायचा, तेवढ्यात पाणी धावतं, म्हणून काचेवर धबधबा उमटतो पिंजलेल्या कापसासारखा. मग छापणारा त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून देतो. दोन-चार थेंबही उडवतो, स्वतःच्या मनाने.

टॉवर ब्रिजची माझ्याकडे दोन कार्डं आहेत, जोडीने ठेवलीत. एकात टळटळीत दुपार, दुसऱ्यात पौर्णिमेची रात्र. भिंग घे आणि बघ. दोन्हीत तीच बोट, धुराचा तोच लोट, आणि डाव्या काठावर तोच एक टोपीवाला कठड्यावर रेलून उभा. दुपारचाच फोटो निळ्या शाईत बुडवला, खिडक्या पिवळ्या केल्या आणि वर चंद्र चिकटवला. सावल्या मात्र काढायच्या राहिल्या. चंद्र डावीकडे, सावल्याही डावीकडे.

म्हणून म्हणतो, काळ ठरवायचा तर पाण्याला विचारू नकोस, पुलाला विचार. पुलाची जन्मतारीख सरकारी दप्तरात असते, पुष्कळदा मृत्यूची तारीखही. टॉवर ब्रिज खुला झाला ३० जून १८९४ ला. हावड्याचं कार्ड मिळालं आणि त्यात हुगळीवर तरंगत्या पडावांचा पूल दिसला, तर तो १८७४ चा. आजचा लोखंडी पूल १९४३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, म्हणजे फोटो त्याआधीचा. सिडनीच्या बंदरावर कमान दिसली की १९३२ च्या आधी जाऊच नकोस, निदान बांधकामाचे सांगाडे दिसत नसतील तर. व्हिक्टोरिया धबधब्यासमोरचा पूल १२ सप्टेंबर १९०५ चा, पाण्यापासून १२८ मीटर उंच. गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार उडाले पाहिजेत अशी सेसिल ऱ्होड्सची हौस होती म्हणून तो तिथे, इतक्या जवळ बांधला. पण ऱ्होड्स १९०२ मध्येच गेला. पूल नसलेलं तिथलं कार्ड माझ्याकडे नाही. दिसलं तर घासाघीस करू नकोस, पैसे मोकळे कर.

नायगाऱ्याचं माझं ते पहिलं कार्ड. त्यात धबधब्याच्या पुढ्यात लोखंडी कमानीचा पूल आहे. नवी जोडपी तिथे जायची म्हणून लोक त्याला हनिमून ब्रिज म्हणायचे. १९३८ च्या २७ जानेवारीला नदीत बर्फ इतकं साचलं की त्याच्या रेट्याने पूल खाली आला. आज तिथे जो आहे तो रेनबो ब्रिज, १९४१ चा. मी बरीच वर्षं ते कार्ड ‘नायगारा, साल माहीत नाही’ असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. धबधबा बघत बसलो, पूल बघितलाच नाही.

पाणी खरं बोलतं ते एकाच प्रसंगात, ते नाहीसं झाल्यावर. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर ग्वाइराचे धबधबे होते, तिकडे त्यांना सात धबधबे म्हणत. इताइपू धरणाने १९८२ मध्ये ते बुडवले. त्यामुळे कार्ड कोणत्याही वर्षी विकलेलं असो, फोटो त्याआधीचाच.

बाकी तारीख बांधकामालाच विचारायची. घरचंच उदाहरण हवं तर भंडारदरा घे. विल्सन धरणाचं काम १९१० ला सुरू झालं, १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या गव्हर्नरने, म्हणजे त्या सर लेस्ली विल्सननेच, त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या पायथ्याशी पाणी सोडलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पडतं तो अंब्रेला फॉल. तो दिसला की फोटो १९२६ नंतरचा, डोळे झाकून सांग. आणि महाडला सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या गाड्यांसकट. त्या पुलाचा कोणाकडे साधा घरगुती फोटो असला तरी सांभाळून ठेवायला सांग. पूल उभा असतो तोवर त्याचा फोटो कोणी काढत नाही.

चित्राखालच्या नावावरही भरवसा नको. आपल्याच गावाचं बघ. डोंगरावरच्या त्या अष्टकोनी इमारतीला आपण चांदबीबीचा महाल म्हणतो, पण ती आहे सलाबतखानाची कबर. इथे जन्मलेला माणूस चुकतो, मग लंडनमधला छापणारा चुकला तर काय नवल? आणि शोधताना जुनी नावं डोक्यात ठेव. नाशिक सापडणार नाही, ‘नस्सिक’ सापडेल. खडकी ‘किर्की’, गोदावरी ‘गोदावेरी’, कृष्णा ‘किस्तना’. जोगचा धबधबा हवा तर ‘गिरसप्पा’ म्हणून शोध. आपलं गाव ‘अहमदनुग्गुर’ही होतं, आता अहिल्यानगर झालं. अजून शंभर वर्षांनी कोणीतरी बसेल डोकं खाजवत.

आता खोक्यातलं सगळ्यात मोलाचं कार्ड दाखवतो. मेणकागदाच्या पाकिटात आहे, निळ्या दोऱ्याने बांधलेलं. चित्र साधंच, शाफहाउजनचा ऱ्हाईन धबधबा, वर टेकडीवर गढी. उंचीला फार नाही, तेवीसेक मीटर, पण पसरट. असली कार्डं युरोपात पैशाला पासरी मिळतात. उलटं कर. पत्ता वाच. युद्धकैदी, अहमदनगर, इंडिया. बाजूला सेन्सॉरचा जांभळा शिक्का. साल १९१७.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातले जर्मन धरून आपल्या नगरच्या छावणीत ठेवले, आफ्रिकेतून पकडलेलेही आणले. ती छावणी १९२० पर्यंत होती. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदीही इथेच. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मन, त्यात तो गिर्यारोहक हाइनरिक हारर होता, पुढे तिबेटला पळून गेला तोच. भुईकोट किल्ल्यात नेहरू होते हे शाळेत शिकवतात, हे शिकवत नाहीत.

मजकूर मला वर्षानुवर्षं लागला नाही. जर्मन येणाऱ्या दोन पोरांना दाखवला, त्यांनाही नाही. कारण आपल्याकडे जशी मोडी, तशी त्यांच्याकडे जुन्या वळणाची हस्तलिपी होती, आता ती तिथल्याही फारशा कोणाला येत नाही. शेवटी पुण्यातल्या एका वयस्कर बाईंनी भिंग लावून वाचला. त्यांचे आजोबा त्या लिपीत लिहायचे. मला वाटलं होतं काहीतरी युद्धाचं असेल. आई मुलाला विचारते, मोजे पोचले का? थोरल्या बहिणीला मुलगी झाली. यंदा आलुबुखार फार आला, सगळा सुकवून ठेवलाय. बस. धबधब्याबद्दल अक्षर नाही. घरात जे कार्ड हाताला आलं त्यावर तिने लिहिलं असेल. मी मात्र तो माणूस डोळ्यांसमोर आणतो. नगरचा मे महिना, पत्र्याची बराक, आणि हातात ऱ्हाईन. यातून एक शीक, परकी भाषा असली म्हणून मजकूर सोडायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला गाठ, आणि लवकर गाठ.

खरं-खोटं ओळखायला तीन वस्तू लागतात, तिन्ही खोक्यात आहेत. एक भिंग. आभाळाच्या भागावर धर. ठिपके ओळीत मांडल्यासारखे दिसले तर छापील. ठिपके नाहीत आणि काळ्या भागावर तिरपं बघताना चांदीसारखी निळसर झाक येते, तर तो खरा फोटो, कार्डाच्या कागदावर धुतलेला. तो जपून. दुसरी वस्तू पट्टी. जुनं कार्ड साडेपाच इंच बाय साडेतीन. सहा बाय चार असेल तर अलीकडचं, विकणारा काहीही सांगो. तिसरा तो निळा दिवा, नोटा तपासायचा. अंधारात कार्डावर धर. कागद पांढराशुभ्र चमकला तर समज, धोब्याच्या निळीसारखं चकाकीचं रसायन त्यात आहे आणि ते साधारण १९५० च्या पुढे कागदात आलं. जुना कागद मुकाट, मळकट राहतो. चोरबाजारात एकदा मी खिशातून हा दिवा काढला, तर दुकानदाराने न विचारता चहा मागवला आणि कार्डं आवरायला घेतली.

सांभाळायचं कसं, ते माझ्या चुकांवरून शीक. नव्वदच्या सुमारास लॅमिनेशनचं खूळ आलं होतं. मी हौसेने अकरा कार्डं लॅमिनेट करून आणली. काय चकाकत होती! दोन वर्षांत पिवळी पडली, तिकिटाच्या कडेने हवेचे बुडबुडे आले, आणि आता ती सोडवता येत नाहीत. खोक्याच्या तळाशी आहेत, मुद्दाम ठेवलीत. चिकटपट्टी लावायची नाही, डिंक नाही, खळ नाही. कागदी कोपरे मिळतात त्यात अडकव. प्लास्टिकच्या पाकिटाचा आधी वास घे. नव्या रेक्झिनसारखा वास आला तर ते कार्ड खाणार. अजिबात वास नसलेलंच घे. डांबराच्या गोळ्या टाकू नकोस. फोटोच्या कागदाला त्या बाधतात. वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून खोक्याच्या बाहेर, कपाटात ठेव, कसर लांब राहते. आजी कडुनिंबाचा पाला टाक म्हणेल. टाक, पण कपाटाच्या खाली, कार्डांत नको, डाग पडतात.

नगरची हवा कागदाला मानवते, एवढं एक या कोरड्या गावाचं सुख आहे. फक्त उन्हाळ्यात कार्डं पापडासारखी वळतात. तेव्हा टीपकागदाच्या मध्ये घालून वर पाट ठेव. उलट्या बाजूला दाबून सरळ करायला जाशील तर मोडेल. पण अकोले तालुक्यात मामाकडे नेलंस तर सावध. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, तिकडे आषाढ-श्रावणात भिंतीलाही बुरशी येते. पावसाळ्यात खोकं तिकडे न्यायचंच नाही.

खरेदीचं थोडक्यात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, सकाळी. हवं असलेलं कार्ड तिसऱ्यांदा उचल, पहिल्यांदा नाही. कोणाचा घरचा अख्खा अल्बम निघाला तर त्यातली चार चांगली काढून घेऊ नकोस. घ्यायचा तर सगळा घे, नाहीतर सोड, कारण कार्डं कोणत्या क्रमाने लावलीत त्यातच एखाद्याचा प्रवास असतो. आणि कुठून, कधी, कितीला घेतलं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिही. कार्डावर नाही. माझ्या काही कार्डांवर बॉलपेनाचे आकडे दिसतील. ते माझेच, तरुणपणचे. हसू नकोस.

आपल्या रंधा धबधब्याचं जुनं कार्ड मला आजवर मिळालं नाही. प्रवरा एवढी १७० फुटांवरून उडी घेते, पण त्या कार्डवाल्यांना जोग, गोकाक दिसले, आपला रंधा दिसला नाही. म्हणून मी एक उद्योग करतो. दर भादव्यात कोणाला तरी पाठवून फोटो काढून घेतो, पोस्टकार्डाच्या मापात छापतो, मागे दोन ओळी लिहून तिकीट लावून स्वतःच्याच पत्त्यावर टाकतो. लाल पेटीत नाही, खिडकीवर देतो आणि शिक्का नीट मारा म्हणून सांगतो. खिडकीवरचा मुलगा मला वेडा समजतो. अशी एकोणीस झालीत. यंदाचं तू टाक.

दसऱ्याला पाऊस सरला की खोकं सकाळी तासभर उघडून ठेव. सावलीत, उन्हात नाही, पंखा बंद करून. मग मोज. ४१२ ऐवजी ४११ भरली तर घाबरून जाऊ नकोस. ते नायगाऱ्याचं कार्ड तुझ्या आत्याच्या फ्रीजवर आहे, चुंबकाखाली अडकवलेलं, दुधाच्या हिशेबाशेजारी. चार वर्षं मागतोय, ती ‘किती छान दिसतंय तिथे’ म्हणते. मी थकलो. तू माग.